वर जाण्याचा ठराव

"बंदूक नसेल ना?" चेअरमन दळवींनी विचारलं.

सोसायटीच्या ऑफिसात कमिटी टेबलाच्या पलीकडे बसली होती. अलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर मी, माझी विद्यार्थिनी सानिका गावडे आणि तिची आई.

"कसली बंदूक?" मी विचारलं.

"मी यूट्यूबवर पाहिलं, राऊत मॅडम. बर्फावरून घसरत येतात, मध्येच आडवे होतात आणि गोळ्या झाडतात."

"तो बायथलॉन. स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र. आमची सानिका नुसतं स्कीइंग करते."

"मग तसं लिहून द्या. बंदूक आणणार नाही म्हणून."

दिलं लिहून. इतकी वर्षं वसई-विरारच्या मुलांना स्केटिंग शिकवतेय, नाना तऱ्हेच्या हमीपत्रांवर सह्या केल्यात. पण बोळिंजच्या टॉवरमध्ये शस्त्र आणणार नाही, अशी हमी पहिल्यांदाच दिली.

आमची मागणी साधी होती. आम्हाला सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प हवा होता.

सानिका शाळेत असताना माझ्याकडे चाकांवर उभी राहायला शिकली. आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. मधल्या काळात उत्तरेत बर्फावरच्या कॅम्पला गेली आणि नॉर्डिक स्कीइंगच्या प्रेमात पडून परत आली. सिनेमात हिरो डोंगरावरून सूं करत खाली येतो, ते हे नव्हे. नॉर्डिकमध्ये बुटाची टाच मोकळी असते आणि सपाटीवर, चढणीवर स्वतःच्या दमाने लांबच लांब जायचं असतं. दम, मांड्या आणि खांदे, सगळ्यांचा कस लागतो. आणि ही सगळी तयारी होते उन्हाळ्यात. हिवाळ्यात बर्फावर जाऊन ती फक्त वापरायची. त्यामुळे ऑफ-सीझन म्हणजे आराम, असं कुणी समजू नये. घाम जो काही गाळायचा तो ऑफ-सीझनलाच, आणि घामाच्या बाबतीत आमच्या विरारचा हात कुणी धरणार नाही.

बर्फ नसताना वापरतात त्या रोलर स्की. एक लांबट पट्टी, पुढे एक चाक, मागे एक चाक. दोन्ही हातांत हनुवटीपर्यंत पोचणाऱ्या काठ्या. पायाने ढकलायचं, काठीने ओढायचं. ब्रेक नसतो.

पावसाळा संपल्यावर एका डोंगराळ गावात निवड चाचणी होती. रोलर स्कीवर, घाटातल्या रस्त्याने, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. पहिल्या चार मुली संघात. सानिकाच्या बाबांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, "यंदा नाव आलं तर ठीक. नाहीतर त्या पट्ट्या माळ्यावर जातील आणि तू इंटरव्ह्यूला." त्यांचं चुकत होतं असंही नाही. मुंबईला रोज जाऊन-येऊन पिट्टा पडलेल्या माणसाला मुलीचा बर्फाचा नाद कुठवर परवडणार? पण पोरीचा जीव त्या खेळात अडकला होता, आणि खरं सांगायचं तर माझाही.

अडचण एकच. आमच्याकडे चढ नाही. वसई-विरार म्हणजे भाताची, मिठागरांची जमीन, ताटासारखी सपाट. जीवदानीचा डोंगर आहे, पण त्याला पायऱ्या. उड्डाणपूल आहे, पण त्यावर टेम्पोवाल्यांचं राज्य. शेवटी चढ सापडला तो सानिकाच्याच बिल्डिंगमध्ये. सात मजली पार्किंग, त्याला गोल गोल वर जाणारा रॅम्प. ऊन नाही, पाऊस नाही. दुपारी गाड्याही नाहीत, कारण बहुतेक मालक गाडी इथे झाकून ठेवून ट्रेनने कामावर जातात.

कमिटीने तासभर खल केला आणि ठराव केला. वेळ दुपारी दोन ते चार. काठ्यांच्या टोकांना रबरी टोप्या. आणि रॅम्पवरून फक्त वर जायचं.

"खाली येताना समोरून गाडी आली तर?" दळवी म्हणाले. "ब्रेक नाही असं तुम्हीच सांगितलंत. वर जाताना माणूस आपोआप थांबतो."

हे अगदी शास्त्रशुद्ध होतं. मी मान डोलावली. चाचणी चढणीचीच होती, उतार हवाय कोणाला? खाली यायला लिफ्ट होती.

त्या उन्हाळ्यात सानिकाने रॅम्पचा पिच्छा पुरवला. काँक्रीटला खाचा होत्या, त्यावरून जाताना दात वाजायचे. सातव्या मजल्यावर पोचली की पायात स्की, हातात काठ्या अशा अवतारात ती लिफ्टमध्ये शिरायची आणि तळाला येऊन पुन्हा सुरू. एकदा अर्नाळ्याची मासेवाली टोपली घेऊन लिफ्टमध्ये आली आणि तिच्या पायांकडे बघतच राहिली.

"हे काय बांधलंस गो पायाला? वर पानी भरलंय काय?"

पावसाळा सरत आला तेव्हा सानिका न थांबता सातवा मजला गाठत होती. मी मनातल्या मनात पेढे वाटायला सुरुवात केली. आणि फोन आला. घाटात दरड कोसळून वरचा रस्ता बंद झाला होता, त्यामुळे चाचणीचा मार्ग बदलला होता. आता टेकडीला वळसा घालून जायचं, एका बाजूने चढ, दुसऱ्या बाजूने उतार. फिनिश खाली. हातात तीन आठवडे.

सानिकाचा चेहरा उतरला. बर्फावर ती उतरलेली होती. पण बर्फावर पडलं तर अंगाला बर्फ लागतो, डांबरावर पडलं तर अंगाचं कातडं डांबराला लागतं. रोलर स्कीवर वेग कमी करायची एकच युक्ती आहे. पुढची टोकं जवळ आणायची, मागची फाकवायची, गुडघे वाकवून बूड खाली टेकवल्यासारखं बसायचं. सांगायला सोपी आहे. अंगवळणी पडायला उतार लागतो.

मी दळवींकडे धावले.

"खाली यायचं?" त्यांनी फाइल उघडली. "ठराव फक्त वर जाण्याचा आहे."

"मग नवा करा. खाली माणूस उभा करू, गाड्या थांबवू."

"पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ."

"पुढची मीटिंग कधी?"

"दिवाळीनंतर."

"साहेब, पोरीचं वर्ष जाईल हो!"

"मला वाईट वाटतं, मॅडम. पण नियम म्हणजे नियम. आणि लिफ्ट आहे ना तुम्हाला!"

घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. चहा झाला आणि ते चालायला लागलं. लिफ्ट आहे ना तुम्हाला. बरं. मी सानिकाला फोन लावला.

"उद्यापासून वेळ बदल. संध्याकाळी."

"मॅडम, ठराव दोन ते चारचा आहे."

"तो रॅम्पचा. लिफ्टला वेळेचा ठराव नाही. तू जिन्याने चढ, दमाला चांगलं. वर स्की घाल आणि लिफ्टने खाली ये. ऑफिसवाले परततात ना, तेव्हा."

जिना चढणं हाही ऑफ-सीझनचा रीतसर व्यायाम आहे, हे मी आवर्जून नमूद करते.

त्यानंतर काय झालं ते सानिकाच्या आईकडून कळायचं. स्टेशनवरून चेंगरून आलेली माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन लिफ्टची वाट बघतायत. दार उघडतं आणि आत हेल्मेट घातलेली, लांब पट्ट्यांवरची घामाघूम मुलगी. पट्ट्या सांभाळत तिला बाहेर पडायला वेळ लागायचा. तोवर दार तीनदा मिटायला बघायचं. सानिका प्रत्येकाला "सॉरी काका, सॉरी काकू" म्हणायची. ती जात्याच गोड बोलते, त्यामुळे लोकांना तिच्यावर ओरडताही येईना. ते दळवींवर ओरडले. कुणाची कोथिंबीर चिरडली, कुणाच्या बोटावर चाक गेलं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिफ्टशिवाय विषय उरला नाही.

आठवडा पुरा व्हायच्या आत तातडीची मीटिंग लागली. दिवाळीची वाट कोणी पाहिली नाही.

"मुलीला लिफ्ट बंद," कमिटीने एकमुखाने ठरवलं.

"चालेल," मी म्हणाले. "दुपारी रॅम्पने ती सातव्या मजल्यावर जाणारच, तसा तुमचा ठराव आहे. लिफ्ट बंद. रॅम्पने खाली यायचं नाही. जिन्याने पट्ट्या-काठ्या घेऊन उतरली तर लिफ्टमधल्या तक्रारी जिन्यात येतील. मग तिचा डबा रोज वर कोण पोचवणार?"

दळवींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कमिटीकडे वळून खाकरले. "रॅम्पने खाली यावे. दुपारी. आणि गाड्या थांबवायला जबाबदार माणूस हवा." इकडे तिकडे पाहून पुढे म्हणाले, "मी थांबेन."

दुसऱ्या दिवसापासून ते शिटी घेऊन खाली उभे. आम्ही सर्वांत खालच्या वळणापासून सुरुवात केली. सानिका पहिल्याच दिवशी दोनदा आपटली. कोपर सोललं. दुसऱ्या मजल्यावर नेलं तर कठड्याला धरून रडायलाच लागली. "मॅडम, पाय ऐकतच नाहीत. मी मुद्दाम भीत नाहीये." तीन आठवड्यांतले किती उरलेत ते तिलाही माहीत होतं. मी तिच्या पुढे उलटी चालत, तिचे हात धरून तिला खाली आणली, लहानपणी आणायचे तशी. खालून दळवींनी जोरात शिटी वाजवली. गाडी नव्हतीच. "रस्ता मोकळा आहे गं!" ते ओरडले. दिवसाला एक मजला असं करत आम्ही वर सरकलो.

चाचणीच्या दिवशी सानिका टेकडीच्या माथ्यावर सगळ्यांच्या आधी पोचली. मी फिनिशला उभी होते. उतारावर ती दिसली ती जवळजवळ खुर्चीवर बसल्यासारखी, टोकं जवळ, मागून चाकं फाकलेली. एक मुलगी तिच्या बाजूने निघून गेली. दुसरी गेली. तिसरीही गेली. चौथी अगदी पाठीशी होती. सानिकाने गुडघे आणखी वाकवले, पण ती पडली नाही. त्या चौथीच्या हातभर आधी ती रेषेवरून आली आणि सरळ माझ्या अंगावर येऊन थांबली, कारण ब्रेक नसतो. आम्ही दोघी गवतात पडलो आणि दोघी रडलो. बाबांनी फोनवर नुसतं "बरं" म्हटलं आणि मग आणखी दोनदा तेच म्हटलं.

दळवींना मी स्वतः कळवलं.

"चढताना कितवी?" त्यांनी विचारलं.

"पहिली."

"आणि उतरून?"

"चौथी. निवड झाली."

"म्हणजे उताराला वेळ कमी पडला," ते गंभीरपणे म्हणाले. "आधी सांगायचं ना, मॅडम."

इतक्या वर्षांच्या कामातून एवढंच शिकले आहे: सोसायटीत विनंती पुढच्या मीटिंगवर जाते, तक्रार त्याच आठवड्यात निकाली निघते. तेव्हा काही हवं असेल तर मागत बसू नये. लोकांना त्रास होईल अशी नीट व्यवस्था करावी आणि शांतपणे चहा घ्यावा.