राणीची चाल

गणूकाका घाडी नळावरून पाणी आणायचे ते कमरेवर कळशी घेऊन. मरोळच्या आमच्या चाळीतले बाकीचे पुरुष शक्यतो पाणी भरायचेच नाहीत. ज्यांना भरावंच लागे, ते दोन हातांत दोन बादल्या घेऊन, कुणी बघत नाही ना असं बघत, भरभर निघून जायचे. काका सावकाश जायचे. कळशी डाव्या कमरेवर, डावा हात तिच्या गळ्याभोवती, उजवा मोकळा. कारखान्यात फिटर असलेला, खाकी हाफपँट आणि गंजीफ्रॉक घातलेला दणकट माणूस. पण गॅलरीतून पाठमोरे दिसले की नवीन भाडेकरू हमखास चौकशी करायचा, की ही कोण बाई हाफपँट घालून पाणी भरते?

माझे वडील त्याला गंभीरपणे सांगायचे, "ती आमची राणी."

ते खरंच होतं. काका कुडाळकडचे. तिकडे देवळांच्या जत्रांतून दशावतार करतात. पुराणातलं नाटक, पण लिहिलेलं काही नसतं, संवाद तिथल्या तिथे सुचतील तसे बोलायचे, आणि बायकांची कामंही पुरुषांनीच करायची. आमच्या भागातल्या कारखान्यांत कामाला असलेल्या गाववाल्यांनी अशी एक हौशी मंडळी जमवली होती. माघात चाळीचा सत्यनारायण असे, त्या दिवशी त्यांचा प्रयोग ठरलेला, आणि त्यातली राणी म्हणजे गणूकाका. मिशी त्यांनी कधीच ठेवली नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा नवरा कोणता हे मुंडावळ्यांखालच्या टोपीवरून ओळखावं लागे.

"राणी दागिन्यान होणा नाय," ते मला सांगायचे. "पातळ नेसान कोणय उभो ऱ्हवात. राणी चलाक लागली, की मगे कळता राणी ती."

ही चाल त्यांनी कुठून आणली हे त्यांनी कुणापासून लपवलं नव्हतं. बाजारात, बसस्टॉपवर, लग्नाच्या हॉलमध्ये ते बायकांची चाल बघत बसायचे. गैरसमज होऊ नये म्हणून चाळीतल्या सगळ्यांना त्यांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. लक्ष्मीकाकूंची तक्रार वेगळीच होती. "ह्येंनी सगळ्यांची चाल उचलली. माझ्याकडे कधी बघूक नाय." काका म्हणायचे, "तू चलतस खंय? तू धावतस." काकू पापडांची ऑर्डर घ्यायच्या, त्यामुळे तेही खरं होतं.

ऐंशीनंतरची गोष्ट. मी नुकतीच वकील होऊन अंधेरीच्या कर्णिक वकिलांकडे ज्युनिअर म्हणून लागले होते. एका शनिवारी कारखाना सुटला आणि काका औद्योगिक वसाहतीच्या फाटकातून बाहेर पडत होते. तेवढ्यात लोखंडी पत्रे भरलेला एक ट्रक उलटा मागे आला. मागे उभं राहून ड्रायव्हरला हाताने खूण करणं हे क्लीनरचं काम. त्या ट्रकचा क्लीनर समोरच्या टपरीवर चहा पीत होता. ट्रकने काकांना फाटकाच्या खांबावर दाबलं. लोकांच्या ओरड्याने ट्रक थांबला, ड्रायव्हर उडी मारून खाली आला आणि काकांना बघून तिथेच रडायला लागला. काका शुद्धीवर होते. ते त्याला म्हणाले, "रो मत रे बाबा. पहले गाडी आगे ले."

उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं, खुबा निखळला होता. म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात दोनदा ऑपरेशन झालं. काका घरी आले तेव्हा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड झाला होता, गुडघा अर्ध्यावर अडत होता आणि हातात काठी आली होती. चालताना सगळं अंग एका बाजूला कलंडायचं आणि पुढच्या पावलाला परत वर यायचं. कळशी आता काकू आणायच्या. काका गॅलरीत बसून त्यांच्याकडे बघायचे.

काका हॉस्पिटलात असतानाच ट्रकचा मालक येऊन गेला होता. एका हातात मोसंब्यांची पिशवी, दुसऱ्या हातात टाइप केलेला कागद. दावाबिवा काही करणार नाही एवढं लिहून द्या, चार पैसे आत्ताच देतो, असा मजकूर. "देखो भाऊ, आखिर नसीब की बात है," मालक म्हणाला. काकूंनी मोसंबं सोलून पहिली फोड त्यालाच दिली. काकांनी कागद मला वाचायला लावला, शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, "नशीब माझां, ट्रक तुमचो. माझां मी बघतंय, तुमचां तुमी बघा." मालक कागद घेऊन गेला. मोसंबी राहिली. ती गोड निघाली हे काकांनी पुढेही प्रामाणिकपणे सांगितलं.

मी त्यांना कर्णिक वकिलांकडे नेलं. अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे वेगळ्या न्यायाधिकरणात चालतात, ट्रकची विमा कंपनी पैसे देते, आणि ती शक्यतो देऊ नयेत म्हणून तिचा वकील उभा राहतो, हे सगळं कर्णिकांनी समजावून सांगितलं. कर्णिक डोळे मिटून पक्षकाराचं ऐकायचे. काकांचं ऐकता ऐकता त्यांनी डोळे उघडले, म्हणजे काहीतरी बिघडलं होतं.

"कारखान्याने तुम्हाला परत कामावर घेतलं?"

"घेतल्यान. स्टोअरमध्ये बसवल्यान. मालक देवमाणूस."

"पगार?"

"होतो तितकोच."

"गणपतराव," कर्णिक म्हणाले, "नोकरी गेली असती तर आपला दावा मजबूत झाला असता हो."

काकांना वाईट वाटलं. "मालकाक इचारून बघू काय?"

दावा दाखल झाला आणि तारखा पडू लागल्या. कधी विमा कंपनीचे वकील नसत, कधी कागद नसत, कधी न्यायाधीश रजेवर. मला वैताग यायचा, काकांना नाही. मागच्या बाकावर बसून ते दुसऱ्यांचे साक्षीदार बघायचे. "ह्यो खोटां सांगता," ते माझ्या कानात सांगायचे. "हात खंय ठेवचे ता त्याका कळणा नाय." एकदा एक म्हातारी साक्ष देऊन खाली उतरली, तेव्हा ते तिच्याकडे बघतच राहिले. "काय उतरली बघ ती," म्हणाले. तिच्या केसचं काय झालं ते आम्ही दोघांनीही ऐकलं नव्हतं.

शेवटी काकांच्या साक्षीची तारीख आली. आदल्या दिवशी कर्णिकांनी त्यांना तयार केलं. दाढी करू नका. जुना शर्ट घाला. विचारलं तर दुखतं म्हणा. आणि मुख्य म्हणजे नाटकातलं काही बोलू नका. "बाईचं काम करत होतो म्हणालात तर हसतील. पैसे तर मिळत नव्हते ना त्याचे? मग कोर्टाच्या हिशेबात ते कामच नाही."

"हसले तर बरांच," काका म्हणाले. कर्णिकांनी माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी काका गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. लोकांसमोर उभं राहायचं तर दाढी केल्याशिवाय जमत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

विमा कंपनीचे वकील सडपातळ आणि अतिशय सभ्य होते. अपघात कसा झाला यात त्यांनी वेळ घालवला नाही.

"पगार पूर्वीइतकाच मिळतो?"

"मिळता."

"काम बसून?"

"बसान."

"म्हणजे पूर्वीपेक्षा आरामाचं."

"होय. स्टूल चांगलां आसा."

कर्णिकांनी डोळे मिटले.

"मग घाडी, या अपघातात तुमचं नेमकं गेलं काय?"

"चाल गेली."

न्यायाधीश साक्षीतलं एकेक वाक्य इंग्रजीत करून टायपिस्टला सांगत होते. तासभर त्यांनी कागदावरून मान वर केली नव्हती. आताही केली नाही. "चाळ गेली? मग राहता कुठे?"

"चाळ आसा, साहेब. चाल गेली."

"अर्जदार लंगडतात हे डॉक्टरांच्या सर्टिफिकेटमध्ये आलेलं आहे," सभ्य वकील म्हणाले.

"लंगडणां वेगळां," काका म्हणाले, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. दशावतार, सत्यनारायण, राणी. कर्णिक उठून काहीतरी म्हणू लागले, पण तोवर पट्टेवाल्यापासून मागच्या बाकांपर्यंत सगळे हसायला लागले होते. टायपिस्टही हसली. काका हसू ओसरेपर्यंत थांबले. प्रेक्षक हसत असताना पुढचं वाक्य टाकायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

सभ्य वकिलांना वाटलं, आता एवढं झालंच आहे. "साहेब, अर्जदारांनी ती चाल दाखवावी. म्हणजे काय गेलं ते आपल्यालाही कळेल."

कर्णिकांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी घड्याळाकडे बघितलं. "त्यांची तयारी असेल तर दाखवू देत."

काकांनी काठी माझ्या हातात दिली. पिंजऱ्यातून खाली उतरले आणि क्षणभर नुसते उभे राहिले. मग खिडकीच्या दिशेने चालू लागले.

अपघातानंतर इतके दिवस मी त्यांना कलंडतच चालताना बघत होते. आता ते कलंडत नव्हते. आखूड पायाची टाच ते उचलून धरत होते, आणि अडकलेल्या गुडघ्याचा हिसका कमरेत असा काही मिसळून टाकत होते की तो मुद्दाम घेतलेला वळसा वाटावा. खांदे सैल, नजर समोर. पांढरा शर्ट आणि पँट घातलेला तो माणूस टेबलं, फायली आणि बाकं यांच्यामधून निघाला, तसे दोन अशील उठून बाजूला झाले. कुणी हसलं नाही. खिडकीशी पोचून काका वळले, तेव्हा त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

सभ्य वकील खऱ्या आनंदाने म्हणाले, "साहेब, माझं काम अर्जदारांनीच केलं. यात अपंगत्व कुठे आहे?"

कर्णिक इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. ज्याच्यासाठी एवढी वर्षं खेटे घातले, तो माणूस चांगलं चालून आपली केस हरला होता. एकदा वाईट चालला असता तर काय बिघडलं असतं?

न्यायाधीश म्हणाले, "घाडी, चांगलं चाललात की."

काकांनी खिडकीची चौकट घट्ट धरली होती. ती धरूनच त्यांनी श्वास जमवला.

"साहेब, ही राणी नाय," ते म्हणाले. "ही लंगडणां लपवणारी बाई आसा. राणीक काय लपवूचां नसता."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि मान वर करून काकांकडे बघितलं. "पुन्हा सांगा."

काकांनी पुन्हा सांगितलं. न्यायाधीश ते इंग्रजीत सांगू लागले, मध्येच थांबले, टायपिस्टला म्हणाले, "ते काढा," आणि पहिल्यापासून परत सांगितलं. मग पट्टेवाल्याला म्हणाले, "त्यांना खुर्ची द्या."

बाहेर आल्यावर कर्णिक म्हणाले, "गणपतराव, मी तुम्हाला बोलू नका म्हणून सांगितलं होतं."

"बोला नको म्हणालात," काका म्हणाले. "चला नको म्हणूक नाय."

काही महिन्यांनी निकाल लागला. रक्कम कर्णिकांनी मनाशी धरली होती तिच्यापेक्षा बरीच जास्त होती. विमा कंपनीने फारसे आढेवेढे न घेता ती भरली. पैशांचं पुढे काय झालं ते काकूंनाच माहीत. मी निकालाची नक्कल आणून गॅलरीत काकांना मराठीत समजावून सांगितली. वेदनांबद्दल इतकं, औषधपाण्याबद्दल इतकं, असं एकेक करत गेले, आणि त्यांच्या कलेबद्दल एक आख्खा परिच्छेद होता, त्यापाशी आले.

"राणी लिवल्यान काय?"

"लिहिलंय."

"बरां," काका म्हणाले आणि काकूंना चहा टाकायला सांगितला.

पुढे मी पुष्कळ अपघातांच्या केसेस केल्या. पगार, औषधं, अपंगत्वाचा दाखला हे सगळं विचारून झालं की मी पक्षकाराला आणखी एक विचारते, याशिवाय काय गेलं? बहुतेक जण आधी काही नाही म्हणतात. मी थांबते. काका नोकरी संपल्यावर गावी गेले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. पण त्यांची आठवण काढायची तर मला निकालानंतरचा सत्यनारायण आठवतो.

राणीचं काम त्या वर्षी विलास नावाच्या एका बस कंडक्टरकडे गेलं होतं. काकांनी त्याला पावसाळ्यापासून तयार केलं होतं. "खांदे सोड रे! तिकीट फाडतस काय?" हे चाळीला रोज संध्याकाळी ऐकू यायचं. विलास आडदांड होता, घाबरटही होता. प्रयोगाच्या दिवशी काकांनी स्वतः त्याला पातळ नेसवलं, आणि रंगमंचाच्या कडेला पत्र्याच्या ट्रंकेवर जाऊन बसले. मी शेजारी उभी राहिले.

विलासची पहिली पावलं बसमधल्यासारखीच पडली. काकांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. मग पखवाजाने लय धरली, आणि कुठेतरी तिसऱ्या-चौथ्या पावलाला विलास कंडक्टर राहिला नाही. वनवासाला निघालेली राणी महाल सोडताना एकदा वळून बघते, तिथे तो वळला, आणि समोर बसलेल्या बायका बोलता बोलता गप्प झाल्या.

काका बराच वेळ त्याच्याकडे बघत होते.

"बाय," ते हळूच म्हणाले, "सायबान काय लिवल्यान होतां ता? कसलां नुकसान?"

"आयुष्यातला आनंद गमावल्याबद्दल."

"चुकलो सायब. आनंद खंय गेलो? तो काय, थंय चलता." त्यांनी हनुवटीने विलासकडे दाखवलं. "माझी चाल गेली, इतक्याच लिवक व्हयां होतां. सांग त्येंका."

"काका, आता अपिलाची मुदत संपली."

"मगे ऱ्हवांदे," काका म्हणाले, आणि पुढचा प्रवेश सुरू होत होता म्हणून त्यांनी मला गप्प बसायची खूण केली.