खिडकीकडचा उतार

हरिहर मायदेवांकडे पाहुणा आला की त्याला आधी चहा मिळायचा आणि मग मागची खोली बघायला मिळायची. डोंबिवली पूर्वेला, जुन्या चार मजली सोसायटीत पहिल्या मजल्यावरचं घर. मागच्या खोलीत पलंग नव्हता की कपाट नव्हतं. भिंतींना धरून चारी बाजूंनी कंबरेइतकं उंच प्लायचं टेबल होतं आणि त्यावर जपानी आगगाड्यांचे रूळ. दारासमोरची फळी उचलून आत शिरावं लागे. गाड्या खेळण्यातल्या नव्हेत. खऱ्या गाडीच्या पंचेचाळिसाव्या हिश्शाच्या, पितळी पत्रा कापून, वाकवून, डाग देऊन जोडलेल्या. इंजिन उचलायचं तर दोन हात लागत.

मायदेवांची सगळी नोकरी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये पंप बनवणाऱ्या एका कंपनीत गेली. तरुणपणी कंपनीनं त्यांना ट्रेनिंगला कोबेला पाठवलं होतं. तिथे एका गल्लीतल्या दुकानाच्या काचेत त्यांनी डी-५१ जातीचं वाफेचं इंजिन पाहिलं. जपानी लोक त्याला लाडानं ‘देगोइची’ म्हणतात, हे त्यांना त्याच दुकानदारानं सांगितलं, आणि काही विकत न घेणाऱ्या ह्या परदेशी पोराच्या हातात ते इंजिन खुशाल ठेवलं. ते वजन त्यांच्या हातात राहून गेलं. पुढे संसार झाला, मुलगा सौमित्र शिकून ठाण्याला माजिवड्याला राहायला गेला, आणि निवृत्त झाल्यावर मायदेवांनी मागच्या खोलीतला पलंग काढून टाकला. लोकांनी सांगितलं, छोट्या गाड्या घ्या, जागा कमी लागते. त्यांना छोट्या गाड्यांत रस नव्हता. त्या नुसत्या बघायच्या असतात, असं ते म्हणत.

इतक्या मोठ्या मापाच्या गाड्या नव्या फारशा मिळत नाहीत. त्यांच्याकडे आलेल्या बहुतेक गाड्या जपानमधल्या कुणा म्हाताऱ्याच्या संग्रहातल्या असत. म्हातारा जातो, मुलांना जागा हवी असते, खोकी बाहेर पडतात. कधी खोक्यात सिगारेटचा वास असे, कधी डब्याच्या छताखाली रंगाच्या ब्रशाचा एखादा केस चिकटलेला. त्यांच्या पत्नी हेमाताईंना हे आवडत नसे. त्या शाळेत गणित शिकवायच्या, देवभोळ्या अजिबात नव्हत्या, पण मागच्या खोलीत त्या एकट्या थांबत नसत.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला ओकायामाहून एक डी-५१ आलं, अर्धवट बांधलेलं. बॉयलर पुरा झालेला, चालकाची केबिन नुसती कापून ठेवलेली, आणि पितळेवर बांधणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा काळा पडून कायमचा बसलेला. मायदेव हरखून गेले. हेमाताईंनी दारातूनच विचारलं की त्या माणसानं इतकं केलं आणि मग का सोडलं. गेले असतील, मायदेव म्हणाले. हेमाताई आत गेल्या.

त्याच दिवसांत मागच्या प्लॉटवरचा बंगला पाडला गेला. टॉवर होणार होता, खाली दोन मजली पार्किंग. मशीननं माती काढायला सुरुवात झाली आणि खड्ड्यात पाणी लागलं. ते उपसायला पंप बसले. मायदेवांचा जन्म पंपांत गेलेला, आवाजावरून त्यांना कळत होतं की पाणी खूप येतंय आणि थांबत नाहीये. पंप दिवसभर चालत. आवाजाची सवय झाली. बंद पडला की उलट चुकल्यासारखं व्हायचं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते एका दुपारी. त्यांच्याकडे ‘वामू’ म्हणतात तसला एक बंद मालडबा होता, विटकरी रंगाचा. त्याच्या चाकांत त्यांनी स्वतः बारीक बेअरिंग बसवली होती. तो डबा रुळावर ठेवून ते कानस शोधायला वळले, आणि मागे वळून बघतात तर डबा जागेवर नाही. खिडकीखालच्या कोपऱ्यात जाऊन उभा होता. त्यांनी तो परत आणून ठेवला आणि हात काढला. क्षणभर तो थांबला. मग निघाला, कुणी हलकेच दोरीनं ओढावा तसा, सावकाश, आवाज न करता.

लाकूड हवेनं हलतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पाणसळ लावली, खिडकीकडच्या पायांखाली प्लायच्या पट्ट्या सरकवल्या, रूळ पुन्हा सपाट केले. काही आठवडे गेले. डी-५१ ची केबिन उभी राहिली. मग एक दिवस डबा परत खिडकीकडे गेला. आणखी पट्ट्या. संक्रांतीच्या आसपास न्हाणीघराचं दार खाली घासायला लागलं आणि स्वयंपाकघरातली एक टाइल फटकन आवाज करून उचलली गेली. हेमाताईंनी सुतार बोलावून दार तासून घेतलं. मायदेव त्या सुताराकडे बघत राहिले आणि बोलले काहीच नाहीत.

त्यांना कळलं नव्हतं असं नाही. त्यांनी खिडकीच्या चौकटीला ओळंबा लावून पाहिला होता, आणि दोरीनं जे दाखवलं ते बघून ओळंबा गुंडाळून खणात ठेवून दिला होता. बोललं की घर सुटणार, हे त्यांना दिसत होतं. माजिवड्याच्या दोन खोल्यांत हे टेबल मावणार नव्हतं. आणि ह्या वयात एकदा मोडलेलं टेबल पुन्हा उभं राहत नाही. म्हणून ते इंजिनावर काम करत राहिले आणि पट्ट्या सरकवत राहिले.

पट्ट्या सापडल्या हेमाताईंना. केर काढताना झाडू अडकला म्हणून त्या वाकल्या. खिडकीकडच्या पायांखाली दोन बोटं जाड थर, दाराकडच्या पायांखाली काहीच नाही. त्यांनी नवऱ्याला हाक मारली आणि जमिनीवरच बसून राहिल्या.

“हे टेबल सरळ आहे ना?” त्यांनी विचारलं.

“हो. अगदी.”

“मग वाकडं काय आहे?”

मायदेवांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर पंप चालू होता. हेमाताईंनी झाडू भिंतीला टेकवला आणि त्यांना त्याच पावली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे पिटाळलं.

सेक्रेटरी दौलत सावंत मूळचे राजापूरकडचे, बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपासून गणपतीपर्यंत सगळं अंगावर घेणारे. वाईट माणूस नव्हता, पण रिडेव्हलपमेंटच्या नावानं त्यांनी इतके बिल्डर येऊन गेलेले पाहिले होते की घाबरवणारा प्रत्येक माणूस त्यांना बिल्डरचा वाटे. मीटिंग झाली. तिथे कुणीतरी बोललंच की मायदेव काकांना मागच्या बिल्डरनं काय कबूल केलंय ते आधी कळू द्या. मायदेवांची कानशिलं तापली. त्यांनी सगळ्यांना घरी बोलावलं.

मंडळी मागच्या खोलीत दाटीवाटीनं उभी राहिली. तळमजल्यावरच्या रंगूबाईही आल्या. सोसायटीची जमीन मूळ त्यांच्या सासऱ्यांची, बदल्यात मिळालेल्या खालच्या मागच्या खोल्यांत त्या एकट्या राहत. टेबलावर दाखवलं असतं तर लोकांनी टेबलाला दोष दिला असता, म्हणून मायदेवांनी रुळाचा एक सरळ तुकडा फरशीवर ठेवला आणि त्यावर वामू. डबा निघाला. रुळाच्या टोकावरून उतरला, फरशीवर खडखडत गेला आणि खिडकीखालच्या भिंतीला आपटला. मग दौलतराव म्हणाले की जुन्या बिल्डिंगच्या फरशीला उतार असतोच, पाणी जायला देतात. लोकांना तेवढंच हवं होतं. सगळे बोलायला लागले आणि जिना उतरून गेले.

तरी दौलतरावांनी एक इंजिनिअर आणला. त्यानं प्लास्टरवरच्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या, भेग रुंदावली तर काच तडकेल, रिपोर्ट देतो म्हणाला आणि गेला. होळीच्या आधी खालच्या दोन पट्ट्या तडकल्या. इंजिनिअर फोन उचलेना. मायदेवांनी महापालिकेत अर्ज दिला, तिथून माणूस येऊन बघून गेला, पुढे काही हललं नाही.

सौमित्र आणि सूनबाई उर्वी येऊन म्हणाले, आता एक रात्रही नको. मायदेवांनी हेमाताईंना माजिवड्याला पाठवलं आणि दोन दिवसांनी स्वतःही कपड्यांची बॅग घेऊन निघाले. जिन्यात दौलतरावांची बायको भावना भेटली. बॅगेकडे बघून तिनं विचारलं, गाड्या कुठायत. त्या राहू देत सध्या, ते म्हणाले. तिच्या चेहऱ्यावर जी निश्चिंती आली ती त्यांनी पाहिली. संध्याकाळी सौमित्रच्या घरी चहा घेताना त्यांना उलगडलं ते सगळं. सोसायटीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं की मायदेव काका त्या गाड्यांना जिवापाड जपतात. गाड्या त्या खोलीत आहेत तोवर बिल्डिंग उभी राहणार, असंच लोकांनी धरलं होतं.

ते तसेच उठले आणि डोंबिवलीला परत आले. दुसऱ्या दिवशी भर सकाळी, सगळे जात-येत असताना, त्यांनी टेबल मोडायला काढलं. दरवाजा सताड उघडा ठेवला. रूळ उखडले, फळ्या सोडवल्या, एकेक इंजिन फडक्यात गुंडाळून दोन्ही हातांनी खाली आणलं आणि गेटपाशी मांडून ठेवलं. कुणी मदतीला आलं तर नको म्हणाले. घाम गळत होता, जिना चढायचा, उतरायचा. ओकायामाचं अर्धवट इंजिन सगळ्यात शेवटी आलं. तोवर लोक गॅलऱ्यांत येऊन उभे राहिले होते. टेम्पो हलला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईनं दोरीवरचे ओले कपडेच काढून घ्यायला सुरुवात केली.

त्या आठवड्यात निम्मी सोसायटी रिकामी झाली. मग महापालिकेची नोटीस लागली, पाणी तोडलं, उरलेलेही निघाले. राहिल्या एकट्या रंगूबाई. दौलतराव रोज येऊन त्यांच्या दारात बसत. त्यांचं एकच उत्तर. “मी नाय जाव. या जमिनीन माज्या सासऱ्यानी भात लावलाय. ती मना कशाला गिलंल?”

ज्या दिवशी झालं त्या दिवशी मायदेव तिथेच होते. सौमित्रबरोबर राहिलेला फ्रिज न्यायला आले होते आणि गेटबाहेर टेम्पोची वाट बघत उभे होते. मागून एक आवाज आला, ओलं लाकूड मोडावं तसा, लांबट. पंप एकाएकी बंद झाला. ती शांतता त्यांनी ओळखली आणि ते ओरडले. दौलतराव रंगूबाईंना अक्षरशः उचलून बाहेर येत होते. त्यांनी म्हातारीला पुढे ढकललं. ती सौमित्रच्या अंगावर आली, आणि मागचा कोपरा, मायदेवांची खिडकी, तिच्या वरच्या सगळ्या खिडक्या, एकात एक शिरत खाली बसल्या. प्रवेशद्वारावरचा सज्जा दौलतरावांच्या पायांवर पडला.

ते वाचले. डावा पाय गुडघ्याखाली गेला. मायदेव त्यांना भेटायला ठाण्याच्या हॉस्पिटलात जात, पलंगाशेजारी बसत, पेपर वाचून दाखवत. दौलतरावांनी त्यांना कधी बोल लावला नाही, आणि संक्रांतीपासून आपण गप्प का बसलो हे सांगायचं धाडस मायदेवांना झालं नाही. रंगूबाईंना भाच्यांनी गावी नेलं. तिथे त्या अंगणात झोपतात, छपराखाली जात नाहीत, असं कानावर आलं.

गाड्या सौमित्रच्या गॅलरीत खोक्यांत पडून होत्या. मायदेवांनी त्यांना हात लावला नाही. पण गोष्ट पसरली होती. आधी सोसायटीतल्यांनी बोलावलं, नव्या भाड्याच्या घरात एकदा डबा ठेवून बघता का म्हणून. मग त्यांच्या ओळखीच्यांनी, मग अनोळखी लोकांनी. मायदेव प्रत्येकाला सांगत की हे काही शास्त्र नव्हे, इंजिनिअरला बोलवा. लोक म्हणत, तुम्ही या तर खरं. ते जात. बहुतेक घरांत डबा हलत नसे आणि मग पोहे येत, हसणं-खिदळणं होई. पण ते जिना चढताना शेजारची दारं किलकिली होत. त्यांना बघून लोक आपापल्या भिंतींकडे बघत, हेही त्यांच्या लक्षात आलं.

पावसाळ्यानंतर कल्याणहून एका तरुण बाईचा फोन आला. संचिता नाव. नवरा दुबईला, घर नुकतंच घेतलेलं, जुन्या बिल्डिंगमधलं, शेजारी खोदकाम सुरू झालंय. मायदेव गेले. स्वच्छ, लहानसं घर. सतरंजीवर तिचं बाळ पालथं पडून खुळखुळा चोखत होतं. चहा झाला. त्यांनी पिशवीतून खोका काढला तशी संचिता उठून उभी राहिली.

“काका, नको,” ती म्हणाली. “मीच बोलावलं, पण नको. आमचं सगळं ह्यात गेलंय. आम्हाला दुसरीकडे जाताच येणार नाही.”

मायदेव खोका मांडीवर घेऊन बसून राहिले. पाच मिनिटांत उठून निघता आलं असतं, तिनं आभारच मानले असते. त्यांनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. दाराची खालची कड नव्यानं तासलेली होती.

ते कष्टानं खाली फरशीवर बसले. रुळाचा तुकडा ठेवला, डबा ठेवला, हात काढला.

डबा क्षणभर थांबला आणि निघाला.

संचितानं वाकून बाळाला उचललं, कडेवर घेतलं आणि पायांत चपला सरकवल्या.