डॉक्टरांच्या पत्रातली तीन वाक्यं

धाकट्या काकांची ट्रंक वडिलांनी उघडली तेव्हा मी दाराशी उभी होते. आत बायकांची लुगडी होती, वापरलेली, नीट घड्या घातलेली. मळवलीला नदीवर वाळत टाकलेली लुगडी वर्षभर नाहीशी होत होती, ती ही.

आमच्याकडे भांड्यांना येणारी मावशी मळवलीचीच. तिने एक लुगडं ओढून काढलं. "ह्ये माजं. निखाऱ्याचं भोक बगा की. नेसतो का काय ह्यो घरात?"

कुणी हसलं नाही.

"भाईरचं हाय कायतरी," आजी म्हणाली.

"भाईरचं न्हाई, आजी," मावशी म्हणाली. "लगीन करा त्याचं. घरातलं लुगडं दिसलं की दुसऱ्याचं कशाला लागंल?"

काका खाली बघत होते. लोणावळ्याच्या स्टेशनात पार्सलं उतरवणारा, कुणाला उलटून न बोलणारा माणूस. ते एवढंच म्हणाले, "दादा, मला ऱ्हावत नाही. का, ते मलाबी कळत नाही. कुणाला तरी दाखवा."

वडिलांनी त्यांना पुण्याला एका गोऱ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी वडिलांच्या नावे इंग्रजीत पत्र दिलं. काकांना पार्सलावरची नावं वाचण्यापुरतं इंग्रजी येई, वडिलांना तेवढंही नाही. घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मीच. तेव्हा मी अठरा वर्षांची होते.

सगळे माजघरात बसले. मी उभ्याने वाचलं आणि मराठीत सांगत गेले. कारण नक्की सांगता येत नाही. लहानपणी घाटात पडून डोक्याला मार बसला होता, त्याने असेल. जन्मतः असेल. कोवळ्या वयात मनावर काही कोरलं गेलं असेल. इथपर्यंत सांगितलं.

पुढे तीन वाक्यं होती. या माणसाची वासना लुगड्याशीच बांधलेली आहे, स्त्रीशी नाही. लग्नाने ती सुटणार नाही. एका मुलीचं आयुष्य मात्र जाईल.

पहिल्या वाक्यातला वासनेचा शब्द मला मराठीत कधी कुणी सांगितला नव्हता. पुस्तकांत वाचला होता, पण वडिलांसमोर तोंडातून निघेना. ते वाक्य गाळलं की पुढची दोन कशावर उभी करायची, तेही सुचेना.

"एवढंच?" वडिलांनी विचारलं.

"विश्रांती घ्या म्हणतात," मी म्हणाले. पत्रात तसं काही नव्हतं.

काकांनी सुस्कारा सोडला. महिन्याभरात सुदुंबऱ्याची मुलगी ठरली. साखरपुड्याला मी तिच्या शेजारीच बसले होते. तेव्हाही बोलता आलं असतं.

लग्नाला आता तीन वर्षं झाली. लुगडी अजून नाहीशी होतात, फक्त लांबच्या गावांतून. मूल नाही, म्हणून आजी काकूलाच बोलते. काकू माझ्याच वयाची. परवा दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली.

"ताई, लग्नाआधी डाक्टरचा कागद आलता म्हणं. तुमीच वाचला. काय व्हतं त्यात?"

"का गं?"

"माज्यात काय कमी हाय का, त्ये लिवलं असंल तर सांगा. मी रडणार न्हाई."

"तुझ्यात काही कमी नाही."

"मग?"

आता मला सगळे शब्द येतात. पण ते ऐकून ती जाणार कुठे? माहेरी दोन बहिणी लग्नाच्या आहेत.

"विश्रांती घ्या, एवढंच होतं," मी म्हणाले.

ती उठली, आत दोरीवर वाळत असलेलं स्वतःचं लुगडं काढलं आणि पेटीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली.