आमच्याकडे गृहपाठ करून मिळेल

किस्से शाळेत नोकरी करणाऱ्यांकडे असतात म्हणे. खोटं! त्यांच्याकडे नुसती हजेरी-रजिस्टरं असतात. किस्से आमच्याकडे साठतात, कारण आम्ही मुलांचा गृहपाठ करून ऑनलाइन विकतो, आणि गृहपाठ विकत घ्यायला आलेला माणूस आमच्याशी तरी खोटं बोलत नाही.

आम्ही म्हणजे तिघं. मी लातूरची, शोभा मूळची भोकरची पण नांदेडला राहणारी, आणि नांदेडचेच जब्बारभाई, ड्रॉइंग मास्तर. तिघांकडेही शिकवायचं सर्टिफिकेट आहे, शाळा एकाकडेही नाही. नोकरी मागायला गेलं की संस्थाचालक विचारतात, "डोनेशनचं काय?" तेव्हा कुणाला नीतिमत्ता आठवत नाही. आम्ही प्रश्नांचा फोटो घेऊन उत्तरं पाठवली, की सगळ्या गावाला आठवते. आठवू दे!

*

अगदी सुरुवातीला औशाकडच्या एका वडलांची तक्रार आली.

"मॅडम, तुमचं काम लई चांगलं हाय, तीच तर अडचण हाय! आमच्या पोराला येवढं येत न्हाई, हे त्याच्या वर्गाच्या बाईला ठाऊक हाय. जरा चुका घाला की!"

मी म्हटलं, "घालते. पण चुकांचा चार्ज वेगळा पडेल."

"आँ? चुकायला पैसे?"

"बरोबर उत्तर एकच असतं हो. तुमच्या मुलाला शोभेल अशी चूक शोधावी लागते!"

गृहस्थ मुकाट्याने कबूल झाले. आम्ही पोराच्या जुन्या वह्यांचे फोटो मागवले, तो भागाकारात नेमका कुठे घसरतो ते पाहिलं आणि तसंच घसरून दिलं. त्याच्या वर्गात कुणी तेवढं निरखून पाहिलं असतं, तर तो आमच्याकडे आलाच नसता.

*

जब्बारभाईंची अडचण अशी, की त्यांना वाईट चित्र काढताच येत नाही.

त्यांनी एका पोराला जीवशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी हृदयाची आकृती काढून दिली. शाळेने ती लॅबच्या भिंतीवर लावली आणि खूश होऊन पोराचं नाव तालुक्याच्या चित्रकला स्पर्धेला दिलं! पोराचा रडका फोन आला, "अंकल, तिथं समोर बसून काढायचंय!"

मी म्हटलं, "झालं, आता बोंब होणार."

जब्बारभाई शांत. "होनेका क्या है? आता शिकवावंच लागतंय त्याला!"

शिकवलं की! पोरगं दर रविवारी त्यांच्या ओट्यावर बसायचं. स्पर्धेत दुसरा नंबर काढला. तेव्हापासून ते आमच्याकडून एक रेघही विकत घेत नाही आणि जब्बारभाई मात्र सगळ्या गल्लीला त्याचं बक्षीस दाखवत फिरतात.

*

कोचिंगवाल्या एका बड्या सरांनी पालकांच्या मेळाव्यात आमचा उद्धार केला. माइकवरून म्हणाले, "काही लोक मुलांना आयतं खायला शिकवतात!" लातुरात पोरं पहाटे क्लासला जातात ती दिवे लागल्यावर खोलीवर येतात. कॉलेजचं जर्नल त्यांनी लिहायचं कधी, हे काही सरांनी सांगितलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना जिन्यातच गाठलं. "सर, त्या प्रॅक्टिकलच्या जर्नलांची ऑर्डर तर तुमच्याच ऑफिसातून येते आम्हाला!"

सरांनी इकडेतिकडे बघितलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "ते वेगळं, मॅडम. ती बल्क ऑर्डर आहे!"

*

शोभाचं तंत्र न्यारं. उत्तर पाठवलं की वर फोन करून ती ते समजावून सांगणार, तेही फुकट. किनवटच्या हॉस्टेलमधली एक मुलगी दर आठवड्याला गणितं पाठवायची. शोभा तासन्‌तास फोनवर. एके दिवशी ऑर्डरी थांबल्या. शोभाने काळजीने फोन केला, तर मुलगी म्हणते, "मॅडम, आता मलाच येऊन राहिलंय!"

जब्बारभाईंनी कपाळाला हात लावला. "शोभाबाई, ऐसा पढाओगे तो दुकान बंद!"

आणि खरंच तशी वेळ आली. शोभाला सरकारी शाळेत नेमणूक मिळाली. इतकी वर्षं जिच्यासाठी परीक्षा देत होती ती नोकरी. पण पेढे द्यायला आली ती रडवेली होऊन. "वर्गात कुठल्या तोंडाने उभी राहू गं? 'गृहपाठ स्वतः करा' असं मी कुणाला म्हणू?"

मी चिडलेच. "ताठ मानेने उभी राहा! डोनेशन मोजून आत गेलेले राहतातच ना उभे?" पण तिच्या डोक्यातून जाईना. हातातली ऑर्डर शेवटची, म्हणाली. ती झाली की नोकरीवरही जावं की नाही, याचा विचार करणार होती.

*

ती शेवटची ऑर्डर आमच्या जिल्ह्यातल्याच एका सातवीतल्या पोराची. विषय: 'भूकंपाची आठवण, माझ्या आजोबांच्या शब्दांत.' लिहायचं तर होतंच, शिवाय शनिवारी आजोबांना शाळेत आणून तेच वर्गापुढे सांगायला लावायचं होतं.

मी पोराला विचारलं, "अरे, आजोबा घरातच आहेत ना? विचार की त्यांना!"

"भूकंपाचं काढलं की ते उठून शेताकडं जातेत."

शोभाने लिहून दिलं. भोकरकडची बाई, तिने आमचा त्र्याण्णवचा भूकंप कुठे पाहिलाय! पण कोसळलेल्या माळवदी छताची माती, धूळ, अंधारातल्या हाका, सगळं आलं. शेवटी आजोबा हातांनी माती उपसतात आणि आजी जिवंत निघते.

मी म्हटलं, "सिनेमा केलास की!"

"सातवीचं लेकरू आहे गं. त्याची आजी कशी मारू?"

शुक्रवारी शोभा माझ्याकडेच होती. फोन वाजला. तिने स्पीकर लावला. म्हातारा आवाज होता.

"मी त्या पोराचा आजा बोलतोय. तुमी लिवलेलं त्यानं मला पाठ करायला दिलंय. कालधरनं घोकायलोय."

शोभाने वही-पेन पुढे ओढलं. "आजोबा, चुकलं आमचं. तुमचं खरं काय झालं ते सांगा. मी आत्ताच्या आत्ता बदलून देते."

आजोबा म्हणाले,

"नगं, बाई. काय बी बदलू नका. तुमच्या लिवण्यात पोराची आजी जित्ती निघती. तेवढं येकदा चार माणसांत म्हणू द्या मला."