धुळ्याच्या पडद्यावरचे नाना

नेहमीच्या वाचकांना आधीच सांगून ठेवते. या वेळी किल्ला नाही, धबधबा नाही, सूर्यास्ताचे फोटो तर अजिबातच नाहीत. या वेळी मी सिनेमा बघायला गेले होते. पुण्याहून धुळ्याला. वाकडी वाट करून, जळगावमार्गे, कारण अक्काला घेऊन जायचं होतं.

अक्का म्हणजे माझी मोठी मावशी. जळगावात पिंप्राळ्याला राहते. साऱ्या घरादाराची ती अक्काच, म्हणून माझीही अक्काच. तिचा फोन आला, "तुझ्या आजोबांचा सिनेमा आलाय. धुळ्याला लावताहेत. तू ये." आणि ठेवून दिला. फोनवर जास्त बोललं की पैसे कापतात, हा समज तिने अजून सोडलेला नाही.

आता आजोबांचा सिनेमा म्हणजे काय, ते सांगते. माझे आजोबा, आईचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावरच्या मजुरांना सुकडी वाटायचे, गोडसर पीठच ते. आमच्या गावाकडच्या कोठारावर नाना कोठीवाले होते. एके दिवशी कोठार उघडलं तर अर्धी पोती गायब. माल एका पुढाऱ्याच्या माणसांनी परस्पर विकला असं सगळे दबक्या आवाजात म्हणायचे. पेपरात आरडाओरड झाली, मुंबईहून साहेब येऊन गेले, चौकशी बसली आणि बसली ती उठलीच नाही. पुढाऱ्याचं काही वाकडं झालं नाही. नानांवर खटलासुद्धा झाला नाही. झाला असता तर बरं, सुटले तरी असते बिचारे.

गावाने मात्र निकाल देऊन टाकला. आमच्याकडे पंगतीत वाढायचा मान असतो. भंडारा असो, लग्न असो, भाऊबंदांपैकी ज्याला बोलावतील त्याने वरणाची बादली धरायची. नाना पहिल्या बोलावण्याचे. त्या वर्षापासून आमच्या घराला बादली मिळाली नाही. जेवायला बोलवायचे, आग्रह करायचे, सगळं गोड. फक्त वाढायला नाही. ज्याने उपाशी लोकांचं अन्न विकलं त्याच्या घरच्या हातातून अन्न नको, एवढंच. नाना गेले, मामा गेला, आता मामाचा मुलगा दिनूभाऊ शेती बघतो, तरी तेच.

आणि मग एक तरुण दिग्दर्शक गावात उगवला. पाठीशी कुणी मोठा निर्माता नाही, मित्रांकडून जमवाजमव करून सिनेमा काढणारा. जुन्या काळातला थरारपट, राजकीय भानगडीचा. एक वार्ताहर, एक जीप, एक मंत्री आणि एक कोठीवाला. शूटिंग आमच्याच गावात झालं आणि दिनूभाऊचं घर म्हणजे नानांचंच घर, म्हणून तिथेच. अक्काने त्याला सगळं सांगितलं. नानांचा कोट दिला, चष्मा दिला. आमच्याकडे नानांचा एकही फोटो नाही, त्यामुळे ते कसे बसायचे, कसे खाकरायचे, तेही तिने त्या नटाला करून दाखवलं म्हणे.

तर निघाले. पुण्याहून रात्रीची गाडी धरा, सकाळी जळगाव. थंडीत जाणार असाल तर शाल हाताशी ठेवा, मनमाडनंतर खिडकीतून जे वारं येतं त्याने माझे कान बधिर झाले. स्टेशनबाहेर रिक्षावाला पिंप्राळा म्हटल्यावर आकडा फुगवून सांगतो, तेव्हा सरळ पुढच्या रिक्षाकडे चालायला लागा, मागून हाक येतेच.

अक्काने भरीत केलं होतं. हिरव्या वांग्याचं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, कळण्याच्या म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीबरोबर. पुण्यात भरीत या नावाखाली जे मिळतं त्यावर मी याआधी पुष्कळ रडले आहे, पुन्हा रडत नाही. जेवताना अक्का सारखी वाढत होती आणि बोलत होती.

"अगं, महिनाभर जेवले ते लोक आपल्याकडे. सगळं युनिट. मी इथून जाऊन राहिले, दिनूच्या बायकोने रांधलं, मी वाढलं. अख्ख्या गावादेखत, ओट्यावर पंगत. तो दिग्दर्शक मांडी घालून बसायचा. म्हणायचा, अक्का, तुमच्या हातचं जेवलं की घरी आल्यासारखं वाटतं."

"छान मुलगा आहे मग."

"छानचं सोड. जेवला ना तो? सगळी गोष्ट ऐकून जेवला. म्हणजे त्याने मानलं."

सिनेमावाल्यांना शूटिंगवर घरचं जेवण मिळालं की ते कुणाच्याही हातचं खातात, हे मला कळत होतं. पण अक्काच्या जगात जो तुमच्या हातून पानात घेतो, त्याने तुम्हाला निर्दोष धरलेलं असतं. एवढ्या वर्षांत परक्यांची पहिली पंगत तिने वाढली होती. तिने तोच निकाल मानला.

मग तिने बेत सांगितला. दुसऱ्या दिवशी दुपारी धुळ्याला खेळ, तिसऱ्या दिवशी गावात सप्त्याचा भंडारा. खेळाचा दिवस तिनेच दिग्दर्शकाच्या मागे लागून मिळवला होता. दिनूभाऊ दोन जीप करून गावातल्या मोठ्या मंडळींना सिनेमाला आणणार होता. सगळे बघतील, खरं काय ते कळेल आणि भंडाऱ्याला दिनूच्या हाती बादली येईल. "मला काही नको गं," अक्का म्हणाली. "एकदा ती बादली आपल्या घरात येऊ दे, मग मी मोकळी."

दुसऱ्या दिवशी एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे दोघींचं मिळून एक झालं. रस्ता आता रुंद झालाय, पण एरंडोलला बस थांबली की चहा घ्या, पारोळ्याला घेऊ नका, असं आपलं माझं मत. गिरणा ओलांडली तेव्हा पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी, काळपट पऱ्हाट्या, आभाळ दिवसभर मळकट. सुंदर वगैरे काही नाही, उगाच खोटं कशाला लिहू? मला तर जीव उदास झाल्यासारखं वाटत होतं.

पारोळ्यानंतर शेजारी एक म्हातारी बसली. तिने विचारलं, "कथा जाई राहिन्यात वं माय?" म्हणजे कुठे निघालात.

"धुयाले," अक्का म्हणाली. इतका वेळ माझ्याशी शहरी मराठीत बोलणारी अक्का एकदम गावाच्या बोलीत गेली. "मना बापना सिनेमा शे."

म्हातारीला आधी खरं वाटेना. मग तिने अक्काच्या हातावर हात ठेवला तो धुळ्यापर्यंत काढला नाही. अक्का नवी साडी नेसली होती. इतकी खूश मी तिला घरच्या कुठल्या लग्नातही पाहिलेली नाही.

थिएटर जुनं, एकपडदा, खुर्च्यांचा स्पंज निघालेला. धुळ्याला गेलात तर शेवभाजी खा, पण सिनेमाआधी खाऊ नका, पोटात आग पडते.

सिनेमा चांगला आहे. हे लिहिताना मला राग येतोय, पण चांगला आहे. पहिला तासभर मी खुर्चीच्या टोकावर होते. वार्ताहराची धावपळ, जीपचा पाठलाग, मंत्र्याचं ते गोड हसणं. आणि नाना. नट काय बेमालूम खाकरतो! अक्काने माझं मनगट धरलं. "असेच," ती कुजबुजली, "अगदी असेच."

इथे एक सांगायला हवं. त्या दुष्काळात अक्काच्या पाठची बहीण गेली. आधी ताप, अंगात ताकद नव्हती, घरात धड खायला नव्हतं. अक्का हे नेहमी एकाच कारणासाठी सांगते, "पोतीच्या पोती विकणाऱ्याच्या घरात पोर उपाशी मरते का?" तिचा सगळा पुरावा एवढाच. दिग्दर्शकालाही तिने तो दिला होता.

शेवटच्या भागात वार्ताहर कोठाराशी पोचतो. आत नाना. वार्ताहराला वाटतं हा साक्षीदार. आणि मग मागची हकीकत उलगडते. तापाने फणफणलेली मुलगी, रिकामे डबे, मंत्र्याचा माणूस दारात औषधाच्या पैशाचं पाकीट घेऊन उभा. नाना किल्ली काढून देतात. पुढच्याच दृश्यात नाना स्वतः पोतं खांद्यावर घेऊन ट्रकमध्ये टाकताहेत, नानांचाच कोट घालून. थिएटरमध्ये हुंदके ऐकू यायला लागले. मुलगी तरीही मरते. पडदा काळा.

लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. अक्का बसून होती. माझं मनगट तिने कधी सोडलं ते मला कळलं नाही.

बाहेर दिग्दर्शक धावत आला, वाकून तिच्या पाया पडला. "अक्का, बघितलंत? लोक रडत होते."

"माझ्या बापाने किल्ली दिली नव्हती," अक्का म्हणाली.

तो गडबडला. वाईट मुलगा नाही तो, खरंच नाही. म्हणाला, "अक्का, आम्ही त्यांना चोर नाही हो दाखवलं. माणूस दाखवलं. नुसता निर्दोष असता तर शेवट सपाट झाला असता. आता कुणीच त्यांचा राग करणार नाही, बघा तुम्ही."

"मी तुला जेवायला वाढलं," अक्का म्हणाली. त्याला काही समजलं नाही. "हो ना, काय चव होती!" म्हणाला, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून गेला.

आम्ही सिनेमाला आलेल्या गावच्या मंडळींबरोबर जीपनेच गावी गेलो, दिनूभाऊकडे उतरलो. मी अक्काला म्हटलं, उद्या सकाळी जळगावला निघून जाऊ, भंडाऱ्याला थांबायलाच नको. ती म्हणाली, "पळून गेलो तर खरंच वाटेल."

भंडारा मारुतीच्या देवळापुढे होता. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, तुपाचा घमघमाट दूरपर्यंत. पहिली पंगत बसत होती. गावातले वडीलधारे आबा, ज्यांच्या शब्दावर असल्या गोष्टी ठरतात, ते वरणाची बादली उचलून सरळ आमच्याकडे आले. कालच्या जीपमध्ये ते होते. डोळे ओले होते त्यांचे.

"ले दिनूभाऊ, बादली धर," ते म्हणाले. "बठ्ठा गावनी दखं काल. पोर मरी राहिनी व्हती, बापनी करं ते करं. त्यामा काय पाप शे?"

अख्ख्या गावाने पाहिलं म्हणे, पोर मरत होती, बापाने केलं ते केलं. म्हणजे तो दिग्दर्शक खरं बोलला होता. कुणीच राग धरला नव्हता. गावाने नानांना माफ करून टाकलं होतं, त्यांनी न केलेल्या चोरीबद्दल.

"मना बापनी चोरी करी नही, आबा," अक्का म्हणाली. आवाज मुळीच चढला नाही.

"आते सोड ना, अक्का," आबा प्रेमाने म्हणाले. प्रेमानेच, तेच तर वाईट. "गावनी माफ करं."

दिनूभाऊ बादलीकडे बघत उभा. पलीकडे त्याची बायको, पदराचं टोक मुठीत. त्यांना याच गावात राहायचंय, पोरांची लग्नं करायचीयेत. त्याने अक्काकडे पाहिलं. अक्काने मान हलवली, नाही म्हणून.

त्याने बादली घेतली.

मी त्याला दोष देत नाही. तुम्हीही देऊ नका. तो पंगतीत वाकून वाढत गेला. म्हातारी माणसं हातानं थोपवत म्हणत होती, बस भाऊ, बस. कित्येक वर्षांनी आमच्या घरच्या हातचं वरण गावाच्या पानात पडलं. अक्काही पंगतीत बसली होती. तिच्यापाशी आला तेव्हा तिने पानावर आडवा हात धरला.

"अक्का, घे ना थोडं," दिनूभाऊ म्हणाला.

तिने हात काढला नाही. पंगत उठेपर्यंत कोऱ्या पानापुढे बसून राहिली, कारण भरल्या पंगतीतून उठणं हा अन्नाचा अपमान, आणि तो तिला करायचा नव्हता. मी समोर बसून जेवले. पान टाकायची हिंमत झाली नाही.

परतीच्या बसमध्ये तिने पिशवीतली केळी काढून खाल्ली, मलाही दिली. पिंप्राळ्याला पोचल्यावर नवी साडी घडी घालून ट्रंकेत ठेवली. कोट आणि चष्मा परत मागशील का, असं विचारलं तर म्हणाली, "कशाला? आता तो त्यांचा नाही राहिला."

पुण्याला येऊन आता काही आठवडे झालेत. सिनेमाचं नाव मी मुद्दाम दिलेलं नाही. एव्हाना तो मोबाइलवरही आलाय, दोन मैत्रिणींनी मला 'जरूर बघ' म्हणून पाठवला. खानदेशात जा, जरूर जा. थंडीत जा, भरीत खा, कुणी पंगतीत बसवलं तर बसा. फक्त कोण वाढतंय आणि कोण वाढत नाहीये, तेवढं बघा.

मी नानांना कधी पाहिलेलं नाही. लहानपणापासून आईच्या बोलण्यातून एक अंधूक माणूस मी बनवला होता, उंच, जरा वाकलेला. तो आता आठवायला गेलं की येत नाही. त्या जागी नट येतो, खाकरतो, पोतं उचलतो. काल फोनवर हे अक्काला सांगून टाकलं. वाटलं, ती चिडेल, आणि म्हणेल, मी आहे ना अजून, मी सांगते कसे होते ते.

या वेळी तिने फोन लगेच ठेवून दिला नाही. फोनचे पैसे कापले जातील हेसुद्धा विसरली.

"मलाही तोच दिसतो गं," ती म्हणाली.