परेरा सरांनी कॉलेज का सोडलं

फुटबॉलमधलं मला काही कळत नाही, ही गोष्ट मी सोडून सगळ्या डोंबिवलीला माहीत होती.

आमची जुई कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर. तिची एकही मॅच मी चुकवली नाही. बाकीच्यांच्या आया सावलीत बसून शेंगदाणे खायच्या. मी मात्र गोलच्या बरोब्बर मागे, जाळीला नाक लावून उभी. ("मॅडम, नाक मागे घ्या, बॉल लागेल," असं एक रेफ्री म्हणालाही होता. लागला. पण ते असो.) तिथून मी जुईला मार्गदर्शन करायचे. "जुई, डावीकडे बघ! जुई, ती लाल रिबीनवाली येतेय! जुई, पाणी पी!" बॉल मैदानाच्या पार त्या टोकाला असला, तरी आपण गाफील राहू नये म्हणून अधूनमधून नुसतंच, "जुईऽऽऽ!"

टीमचे कोच होते परेरा सर. ठाण्याचे, किडकिडीत अंगाचे आणि अतिशय मवाळ. दोन वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. (तो ऐकू यायला तू आधी थांबायला हवं होतंस, असं आमच्या ह्यांचं म्हणणं.)

"मॅडम, तिकडे झाडाखाली खुर्ची ठेवलीय तुमच्यासाठी," सर एकदा म्हणाले.

"नको हो सर, मी इथेच बरी!"

पुढच्या मॅचला खुर्ची झाडाच्याही पलीकडे गेली. त्याच्या पुढच्या मॅचला थेट गेटपाशी. मी घरी येऊन कौतुकाने सांगितलं, "किती काळजी करतो माणूस!" हे पेपरमागून फक्त "हं" म्हणाले.

अशात एक दिवस जेवताना जुईने बातमी दिली. "आई, परेरा सर चालले."

"कुठे? गावाला?"

"ठाण्याला, घोडबंदर रोडच्या एका कॉलेजात. कोच म्हणून. कायमचे."

माझ्या हातातली पोळी ताटातल्या आमटीत पडली. जुईचा युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये नंबर लागेल, असं सरांनीच सांगितलेलं. आता पुढचं शेवटचं वर्ष, आणि ऐन वेळी कोच गायब! त्यांच्या जागी कोण, तर अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक. गळ्यात शिट्टी अडकवून ते पहिल्याच दिवशी मैदानाकडे बघत म्हणाले म्हणे, "जागा एवढी आहे, तर अकराच मुली का? वाढवता नाही येणार?"

मी तिथल्या तिथे ठरवलं. सर जातील तिथे जुई जाईल.

"डोंबिवलीहून घोडबंदर?" हे म्हणाले. "रोज? अगं, ती बॉल काय अडवणार, तीच रस्त्यात अडकलेली असेल!"

"आई, मला नाही जायचं," जुई म्हणाली. "माझ्या सगळ्या मैत्रिणी इथे आहेत."

"मैत्रिणी काय, घोडबंदरलाही मिळतात!" असं म्हणून मी फोन उचलला. "सर, आनंदाची बातमी! जुईला तुमच्या नव्या कॉलेजात घालतेय!"

पलीकडे शांतता. "हॅलो? सर? हॅलो?" मला वाटलं, नेटवर्क गेलं.

"मॅडम..." बऱ्याच वेळाने आवाज आला. "एकटी जुईच येणार?"

"छे हो! मी येणार ना प्रत्येक मॅचला! नवीन जागा, तिला एकटीला कसं सोडू?"

नेटवर्क पुन्हा गेलं. आलं तेव्हा सर म्हणाले, "त्याचं काय आहे, इथे गोलकीपर आहे ऑलरेडी. हर्षदा म्हात्रे म्हणून. बाळकुमची आहे. एका टीमला दोन गोलकीपर कशाला... बघू आपण, हां."

दुसऱ्या कुणाला हा नकार वाटला असता. मला तो पत्ता वाटला.

रविवारी ह्यांना गाडी काढायला लावली आणि आम्ही बाळकुमला म्हात्र्यांच्या दारात. चहूबाजूंनी पंचवीस-पंचवीस मजली टॉवर आणि मधे त्यांचा बंगला. ओट्यावर हर्षदाची आजी परातीत कोलीम, म्हणजे अगदी बारीक जवळा, निवडत बसलेली. पहिल्यांदाच कुणाच्या घरी जायचं म्हणून मी सिल्कची साडी नेसले होते आणि हातात अर्धा किलो पेढे होते. (या दोन गोष्टींमुळे पुढचा घोळ झाला, हे मला आता कळतं.)

"आजी, मी सरळ मुद्द्यावरच येते," मी म्हटलं. "तुमची हर्षदा आम्हाला द्या."

आजींनी कोलमातून मान वर केली. मला बघितलं. साडी बघितली. पेढे बघितले. "आन् पोरगा कुठं हाय?"

"पोरग्याचं काय काम हो यात? पण बदल्यात आमची जुई तुम्हाला देतो. तुमची आमच्याकडे, आमची तुमच्याकडे."

"म्हंजे साटंलोटं?"

"हो हो, तसंच समजा!" मी घाईघाईत म्हणाले. दोन घरांनी एकमेकांकडे मुली देऊन लग्नं लावायची, त्याला साटंलोटं म्हणतात हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. माझ्या डोक्यात नुसते दोन गोल होते.

"अगो सुनबाय!" आजींनी आत हाक मारली. "चाय टाक गो! डोंबिवलीचं पावनं आयलं!" मग पाट पुढे सरकवून मला म्हणाल्या, "बस बाय. आमचा नितेश लय गुनाचा हाय. सोताची गारी हाय. तुमची पोर कशी हाय?"

हा नितेश मधेच कुठून आला, मला कळेना. असेल टीमचा मॅनेजर, असं समजून मी जुईचे गुण सांगायला सुरुवात केली. "उंच आहे. काटक आहे. आणि हात असे, की त्यातून काही म्हणजे काही सुटत नाही!"

"बेस! मासली साफ करील मंग."

"आणि अंगावर कितीही जणी धावून आल्या तरी जागची हलत नाही."

आजी खूश झाल्या. "तीन जावा हायेत घरान. आशीच पायजे!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांना सगळं पहिल्या वाक्यालाच कळलेलं. पण हे शांतपणे चहात बिस्कीट बुडवत होते. ("म्हटलं, बघू कुठवर जातंय," हे नंतरचं स्पष्टीकरण.) ते आजींनी पंचांग मागवण्यापर्यंत गेलं! तेवढ्यात प्रॅक्टिसवरून हर्षदा आली, बुटांना चिखल, खांद्याला बॅग. "काय झालं? कुणाचं लग्न?"

"तुजा!" आजी म्हणाल्या.

"फुटबॉल!" मी ओरडले. "फुटबॉलसाठी! कॉलेज बदलायचंय! लग्न नाही!"

त्यावर आजी जे हसायला लागल्या, ते कोलमाची परात ओट्यावरून खाली गेली तरी थांबेनात. (पेढे मात्र त्यांनी परत दिले नाहीत.)

आणि गंमत म्हणजे हर्षदा चक्क तयार झाली! "काकू, मला गोलमध्ये उभं राहायचंच नव्हतं कधी. मला फॉरवर्ड खेळायचंय. पण इथे फॉरवर्डला सगळ्या सीनियर पोरी बसल्यात. तुमच्या कॉलेजात घेतील?"

"घेतील? अगं, तिथल्या सरांना तर अकराच्या वर मुली हव्यात!"

शेवटच्या वर्षाला हर्षदाने डोंबिवलीत ॲडमिशन घेतली. ती राहायला तिच्या डोंबिवलीच्या मावशीकडे गेली. जुईचा दाखला मी स्वतः घोडबंदरला नेऊन दिला. जुईने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. मी मनात म्हटलं, धर. युनिव्हर्सिटीच्या टीमचा टी-शर्ट अंगावर चढला की येशील आईच्या गळ्यात!

प्रॅक्टिसच्या पहिल्या दिवशी मी जातीने हजर. नवीन मैदान, नवीन जाळी. मी गोलमागची जागा बघून ठेवली आणि सरांना शोधू लागले. एक तरुण मुलगी शिट्टी घेऊन उभी होती.

"परेरा सर कुठेयत?"

"सर? ते गेले ना. गेल्याच आठवड्यात. डोंबिवलीला, त्यांच्या जुन्या कॉलेजात परत. आता मी कोच आहे."

मी जाळी धरली. मग सोडली आणि घराची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी मी डोंबिवलीच्या मैदानावर धडकले. मला बघताच सर गेटकडे वळले. पण गेटमध्ये मीच होते.

"सर, हे काय वागणं झालं? तुमच्यासाठी मी पोरीला कॉलेज बदलायला लावलं!"

सरांनी टोपी काढली. डोकं खाजवलं. "मॅडम, एक सांगू? राग नाही ना येणार?"

"मला कशाला राग येईल?" (मला आधीच आलेला होता.)

"मी इथून गेलेलो ना... ते तुमच्यामुळे गेलेलो. आणि तिथून परत आलो, तेपण..." त्यांनी उरलेलं वाक्य टोपीत घातलं.

"माझ्यामुळे? मी काय केलं?"

"मी पोरींना सांगायचो उजवीकडे, तुम्ही सांगायचा डावीकडे. माझा आवाज बारीक. पोरी तुमचं ऐकायच्या. सेमीफायनलला तुम्ही 'पाणी पी' म्हणून ओरडलात, तर समोरच्या टीमच्या दोघीपण पाणी प्यायला गेलेल्या!" मग ते आणखी हळू म्हणाले, "जुई खूप चांगली आहे, मॅडम. खरंच. फक्त तिला तिचं स्वतःचं ऐकू येत नाही."

मी काहीच बोलले नाही. सर घाबरले. मी गप्प बसलेली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

घरी येऊन जुईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"अख्ख्या टीमला माहीत होतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं ना आई. चार वेळा. तू ओरडत होतीस."

त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन मी उगाचच दोन नारळ खवले. वाईट वाटलंच. पोरीचं कॉलेज सुटलं, मैत्रिणी सुटल्या, आणि ज्यांच्यामागे धावले ते माझ्यापासूनच पळत होते! खवून झाल्यावर मी बाहेर आले आणि जाहीर केलं, "यापुढे मॅचमध्ये माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही."

"लिहून देतेस?" हे म्हणाले.

माझ्या या शब्दाची परीक्षा हिवाळ्यात झाली. दोन्ही कॉलेजांची मॅच लागली, ठाण्यात. घोडबंदरच्या गोलमध्ये आमची जुई, डोंबिवलीची फॉरवर्ड हर्षदा. मी पार वरच्या पायरीवर, कोपऱ्यात, एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला हर्षदाची आजी. तोंडात खडीसाखरेचा हा एवढा खडा!

आणि काय खेळली जुई! एक अडवला, दुसरा अडवला, तिसरा तर आडवी झेप घेऊन बोटांच्या टोकांनी बाहेर काढला. माझ्या घशात "शाबास" येऊन अडकलं, ते मी खडीसाखरेसकट गिळलं. युनिव्हर्सिटीची निवड करणारे दोघे खाली वहीत काहीतरी लिहीत होते. (नंतर कळलं, तिसऱ्या सेव्हलाच त्यांनी जुईचं नाव पक्कं केलेलं.) आजी मात्र दोघींच्याही नावाने बोंबलत होत्या, "हर्सदा मार! जुई धर!"

शेवटची मिनिटं, अजून शून्य-शून्य, आणि डोंबिवलीला पेनल्टी मिळाली. मारणार हर्षदा. मी साडीचा पदर तोंडात कोंबला. हर्षदा धावली, आणि त्याच क्षणी, देवा शपथ सांगते, जुईने मान वळवून वर माझ्याकडे बघितलं!

बॉल आत.

मॅच संपताच ग्लोव्ह्ज न काढता जुई पायऱ्या चढत धावत आली. चेहरा पांढराफटक. "आई! काय झालं तुला?"

"मला? काही नाही!"

"मग ओरडली का नाहीस? एवढ्या वेळात एक शब्द नाही! वर बघते तर तोंडात पदर! मला वाटलं, तुला काहीतरी झालं!"

डोंबिवली जिंकली. परेरा सरांनी वर येऊन माझा हात हातात घेतला आणि तीन-तीनदा "थँक्यू मॅडम, थँक्यू" म्हणाले. म्हणणारच. इतकी वर्षं फुटबॉलच्या मैदानावर घसा फोडून माझ्या हातून काही झालं नव्हतं. आयुष्यात एकच गोल केला. तोही जागेवर बसून, तोंड बंद ठेवून, पोटच्या पोरीवर!