गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर चॉकलेटचा केक

लढाईची वर्षं होती. साखर रेशनवर मिळत होती. अशा दिवसांत माझ्या बायकोने दवाखान्यातल्या नर्सबाईंना चॉकलेटचा केक खाऊ घालण्याचा शब्द दिला. तोवर तिने केक पाहिलेला नव्हता. मीही पाहिलेला नव्हता.

आमची मुलगी झाली तेव्हा बायको दोन दिवस अडली होती आणि ते दोन दिवस नर्सबाई खाटेजवळून हलल्या नाहीत. पुढे एकदा बाळंतिणीपाशी बसून त्या सांगू लागल्या, की त्यांचं गाव दूर समुद्राकडे, आणि त्यांची आई दरवर्षी त्यांच्या वाढदिवसाला कोको घालून केक भाजायची. आई गेली. इकडे येऊन चार वर्षं झाली, तो वास परत नाकाला लागला नाही.

"मी करून घालीन तुमाले," बायको खाटेवरून म्हणाली.

नर्सबाई हसल्या. बायको हसली नाही.

आठ महिन्यांनी त्यांच्या बदलीचा हुकूम आला. निघायला नऊ दिवस उरले होते. त्यांनी स्वतः येऊन कोकोचा डबा बायकोच्या हातात ठेवला. "एवढाच आहे. लढाई संपेपर्यंत दुसरा मिळणार नाही. हा डबा मिळाल्यावर माझ्या शेगडीवर मी दोनदा केला आणि दोनदा जाळला. आता तूच बघ."

मी कोको तागडीत घातला. सहा तोळे भरला. म्हणजे केक एकदाच होणार होता. बिघडला तर बाईंना तो न खाताच जावं लागणार होतं.

कृती नर्सबाईंना तोंडपाठ होती, पण औंसांत. पीठ, साखर आणि लोणी आठ-आठ औंस, अंडी त्याच वजनाची, कोको दोन औंस. एका औंसाचे अडीच तोळ्यांना थोडे कमी होतात. त्या हिशेबाने पीठ, साखर, लोणी प्रत्येकी साडेएकोणीस तोळे आले आणि कोको पाच तोळ्यांना किंचित कमी. मग मी अंडी तोलली. आमच्याकडची गावरान अंडी लहान, एक अंडं साडेतीन तोळ्यांचं.

"साडेपाच अंडी लागतील," मी सांगितलं.

"अर्धं अंडं कोनती कोंबडी देते जी? मले दाखवा, तिले पाळू आपन."

"एक फोडून अर्धं तोलून घे."

"सहा घालते. तुमचं गनित त्या कोंबडीले सांगा."

घरच्या चुलीवर अंडं चढत नसे, म्हणून हा सगळा खटाटोप मळ्यात करायचं ठरलं. मळा मालेगावच्या रस्त्याला, गावापासून दीड मैल. तिथे विहिरीजवळ माझे वडील दिवसभर असत. रोडगे भाजण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नव्हता. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात घालायचे आणि मऊ, खमंग भाजून काढायचे. मारुतीच्या पंगतीला दोनशे रोडगे ते एकट्याने काढत, त्यातला एकही जळत नसे.

बायकोने कोकोला लगेच हात लावला नाही. आधी तिने विस्तव शिकून घेतला. गव्हाचं पीठ आणि गूळ यांचं सैलसर मिश्रण करून ते एका झाकणाच्या डब्यात घातलं आणि डबा निखाऱ्यावर ठेवला. पहिला डबा खालून कोळसा झाला. दुसऱ्या वेळी तिने डब्याखाली दोन बोटं वाळू पसरली. तेव्हा खालून जमलं, वरून कच्चं राहिलं. तिसऱ्या वेळी झाकणावरही निखारे ठेवले आणि मला घड्याळ धरून बसवलं. पन्नास मिनिटांत काडी घालून पाहिली तर कोरडी निघाली. मी माणसं पुष्कळ पाहिली आहेत, पण कधी न पाहिलेल्या गोष्टीची अशी शिस्तीने तालीम करणारं दुसरं माणूस पाहिलेलं नाही.

शेवटचा रविवार ठरला. आदल्या दिवशी तिने गव्हाला पाण्याचा हात लावून ते दळले आणि पीठ धोतराच्या पानातून गाळून सपीट काढलं. रेशनची साखर आठवडाभर चहात न घालता साठवली होती, ती बारीक कुटली. म्हशीचं लोणी विहिरीच्या गार पाण्यात सात वेळा धुतलं. रविवारी मळ्यात परातीत लोणी आणि साखर घेऊन तळहाताने फेसायला बसली. बावीस मिनिटं झाली तरी हात थांबेना. लोणी पांढरं आणि हलकं झालं, परातीत फुगून बसलं. एकेक अंडं, मग पीठ, कोको, पाव तोळा खायचा सोडा. कोको पडला तसा जो वास सुटला, त्याला नाव देणं मला अजूनही जमलेलं नाही.

डबा निखाऱ्यावर गेला तेव्हा दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मुलगी रडू लागली म्हणून बायको तिला पाजायला खोपीत गेली. मी नर्सबाईंना आणायला रस्त्यावर गेलो. विस्तवाजवळ वडील बसले.

बाई अजून आल्या नव्हत्या, म्हणून मी वीस-बावीस मिनिटांनी परतलो. बायकोही त्याच वेळी खोपीतून बाहेर आली. डब्याचं काळं झालेलं बूड वर होतं आणि झाकण खाली. कडेने तपकिरी रस निखाऱ्यांवर गळत होता आणि चरचरत होता.

"मामाजी, डबा कोनं उलटला?"

"म्या उलटला," वडील हातातला चिमटा ठेवत म्हणाले. "एका अंगानं किती भाजशीन पोरी? दुसरं अंग कच्चं राह्यलं असतं ना."

दोनशे रोडगे उलटणाऱ्या हाताला केक उलटायचा नसतो हे सांगायचं आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. मी म्हणालो, "लवकर सरळ कर त्याला!"

"हात लावू नका," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ती डब्याजवळ वाकून ऐकत राहिली. "आत अजून उकळून राह्यलं. आता परत फिरवला तं सगळाच बसून जाईन." तिने चिमट्याने झाकणाखालचे निखारे ओढून काढले, तिथे फक्त गरम वाळू लोटली आणि काढलेले निखारे वरच्या बुडावर ठेवले. सासऱ्याला एका शब्दाने बोलली नाही. उलट म्हणाली, "मामाजी, हवा येऊन राह्यली, तुमी त्या अंगाले बसा." वडील उठून त्या बाजूला बसले आणि धोतराचा पदर आडवा धरून राहिले.

पन्नासाऐवजी बासष्ट मिनिटं लागली. डबा उघडला तर केकचे दोन भाग झालेले. वरचा बुडाला चिकटून नीट फुगलेला, खालचा झाकणात जाड भाकरीसारखा, आणि मध्ये पोकळी. मला वाटलं, सगळं संपलं. तिने दोन्ही भागांत काडी घातली, कोरडी निघाली.

"कोको किती उरला?"

"तोळाभर."

तिने पितळेच्या गंजात दूध आटवलं, उरलेली साखर आणि कोको घातला, घोटत घोटत दाट केलं, शेवटी लोण्याचा गोळा. ते गरम असतानाच खालच्या भागावर ओतलं आणि वरचा भाग त्यावर ठेवला. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

नर्सबाई आल्या, बाजेवर बसल्या. बायकोने तुकडा कापून पुढे केला आणि स्वतः उभी राहिली. बाईंनी एक घास खाल्ला, मग दुसरा. वडिलांना राहवलं नाही.

"बाई, म्या त्याले रोडगा समजून उलटा केला. काई चुकलं असंन तं माहं."

बाईंनी ऐकलं आणि त्यांना इतकं हसू फुटलं, की ताटली बाजूला ठेवावी लागली. डोळे पुसत म्हणाल्या, "बाबा, माझ्या हातून तर दोनदा जळला, तुमचा फक्त उलटा झाला."

बायको मात्र हसली नाही. तिने विचारलं, "तुमच्या मायसारखा झाला का?"

बाईंनी उरलेला घास सावकाश खाल्ला. "वास तोच. वरचा केकही तोच, अगदी तोच. मधलं आईचं नाही. आई असं करत नव्हती."

बायकोने मान हलवली आणि दुसरा तुकडा कापला. बाईंनी तोही संपवला, आणि उरलेल्यातला अर्धा केक गाडीत खायला फडक्यात बांधून घेतला. वडिलांपुढेही बायकोने एक तुकडा ठेवला होता, त्याला त्यांनी अजून हात लावला नव्हता.

त्यांना रस्त्यापर्यंत पोचवून परत येताना मी म्हणालो, "मधलं आईचं नाही म्हटल्यावर तुला वाईट वाटलं असेल."

"काहून वाटंन? सगळंच मायसारखं हाये म्हनल्या असत्या, तं वरचं तरी खरं हाये का नाई, थे मले कसं कळलं असतं?" ती म्हणाली, आणि मामाजींचा तुकडा अजून तसाच आहे का हे पाहायला पुढे निघाली.